मालकाची जबाबदारी कोठपर्यंत? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे व्यवसाय आणि मजुरी याच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. तीन पत्रे व्यवसाय चालवणाऱ्या ख्रिस्ती वाचकांची आहेत, तर चौथे अशाच एका व्यवसायात नोकरी करणाऱ्या भगिनीचे आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : वसईत आमची तीन पिढ्यांची बेकरी आहे. भट्टीवरच्या कारागिरांना पगार वेळेवर मिळतो, हक्काची सुट्टी मिळते, गावी जाताना तिकिटाचे पैसेही आम्ही देतो. अलीकडे धर्मग्रामातील एका बैठकीत ऊसतोड कामगारांची स्थिती ऐकली आणि तेव्हापासून मन स्वस्थ नाही. मी वाशीच्या बाजारातील व्यापाऱ्याकडून साखर घेतो. माझ्यासारख्या लहान गिऱ्हाइकाचे कोणी ऐकणार नाही, हे मला समजते. तरीही त्या कष्टांचा दोष माझ्याकडे येतो का? मी साखर घेणे थांबवावे का?

उत्तर : ऊसतोडणीची आजची पद्धत आपण उभी केलेली नाही, त्यामुळे तिचा दोष एकट्या आपल्या माथी येत नाही. मात्र त्या पद्धतीतून आलेला माल आपण रोज विकत घेता आणि तिच्याविषयी आपल्याला आता माहिती झाली आहे, एवढ्यानेच आपले कर्तव्य सुरू होते.

बैठकीत न आलेल्या वाचकांसाठी ही पद्धत थोडक्यात सांगतो. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांच्या कोरडवाहू तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. हंगामापूर्वी मजूर जमवणारा मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि हिशेबात ती दोन माणसे एकच मानली जातात, त्यामुळे बाईने दिवसभर तोडलेल्या आणि डोक्यावरून वाहिलेल्या उसाची मजुरी बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर जमा होते. आजारपणामुळे किंवा बाळंतपणामुळे काम बुडाले की 'खाडा' पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. फडाजवळच्या कोप्यांमध्ये, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, पाणी, शौचालय, आंघोळीचा आडोसा यांपैकी काहीही नसते. याची किंमत बायकांनी आपल्या शरीराने मोजली आहे. २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीची माहिती आली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढून टाकलेली असल्याचे उघड झाले. कमी वयातील लग्ने आणि बाळंतपणे, अंगावर काढलेले आजार, खाड्याची भीती आणि भीती घालून शस्त्रक्रिया करणारे खासगी डॉक्टर या सगळ्यांचा त्यात हात होता.

आता आपल्या पोत्याचा हिशेब करू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि तो टनाला साडेतीनशे रुपयांच्या थोडा वर गेला. एक टन उसातून साधारण शंभर ते एकशेदहा किलो साखर निघते. याचा अर्थ, एक किलो साखरेमागे तोडणाऱ्या जोडीला सुमारे साडेतीन रुपये मिळतात. आपल्या बेकरीला महिन्याला दहा क्विंटल साखर लागत असेल, तर तिच्यामागील तोडणीची मजुरी सुमारे साडेतीन हजार रुपये होते आणि ही मजुरी उद्या आणखी एक तृतीयांशाने वाढली, तरी आपला खर्च जेमतेम बाराशे रुपयांनी वाढेल. न्याय्य मजुरी दिली तर धंदा बुडेल, ही भीती निदान साखर विकत घेणाऱ्याच्या बाबतीत खरी नाही, हे या हिशेबावरून स्पष्ट होते. गरीब माणूस गरीब ठेवला म्हणूनच आपली नानकटाई स्वस्त राहते, असे मानण्याचे कारण नाही.

साखर घेणे थांबवण्याविषयी माझे मत असे आहे की, आज गुपचूप थांबवण्याने आपल्या मनाला बरे वाटेल, परंतु फडातल्या बाईच्या आयुष्यात काहीही बदलणार नाही. आधी विचारणे आवश्यक आहे आणि विचारण्याला मुदत असणेही तितकेच आवश्यक आहे. या मुदतीविषयी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगण्यासारखी आहे.

इंग्लंडमधील चॉकलेट बनवणारे कॅडबरी कुटुंब क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. १८७९ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमच्या बाहेर बोर्नव्हिल येथे कारखाना नेला आणि पुढे तेथे कामगारांसाठी घरे, बागा, शिक्षण, आजारपणातील मदत यांची जी व्यवस्था केली, तिची वाखाणणी सगळीकडे होत असे. परंतु त्यांच्या कोकोचा मोठा हिस्सा पोर्तुगिजांच्या ताब्यातील साओ टोमे आणि प्रिन्सिपे या बेटांवरून येत होता. १९०१ मध्ये विल्यम कॅडबरी यांच्या हाती तेथील एका मळ्याच्या विक्रीचा कागद आला, त्यात मळ्याच्या मालमत्तेबरोबर मजुरांचीही किंमत धरलेली होती. अंगोलातून नेलेले हे मजूर कागदावर करारबद्ध होते, प्रत्यक्षात ते गुलाम होते आणि परतत नव्हते. कॅडबरी यांनी चौकशी सुरू केली, लिस्बनला जाऊन अधिकाऱ्यांशी बोलणी केली आणि १९०५ मध्ये जोसेफ बर्ट या क्वेकर गृहस्थाला तपासासाठी पाठवले. बर्ट यांच्या अहवालाने गुलामीची खात्री पटवली. तरीही पोर्तुगीज सरकार सुधारणा करील, आपण खरेदी चालू ठेवली तरच आपल्या शब्दाला वजन राहील, या विचाराने ती चालू राहिली. खरेदी थांबवल्याची घोषणा झाली ती मार्च १९०९ मध्ये, तीही फ्राय आणि राउन्ट्री या इतर क्वेकर चॉकलेट उत्पादकांच्या सोबतीने. दरम्यान एका वृत्तपत्राने त्यांना ढोंगी म्हटले, कॅडबरी यांनी बदनामीचा खटला भरला आणि तो जिंकलाही, परंतु ज्यूरीने त्यांना नुकसानभरपाई दिली ती फक्त एक फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा चौथा हिस्सा.

ही माणसे दुष्ट होती असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांनी विचारले, खर्च केला, माणूस पाठवला आणि शेवटी माल सोडला. त्या काळातील बहुतेक व्यापाऱ्यांनी यांपैकी काहीच केले नाही. पण विचारणे आणि सोडणे यांच्यामध्ये आठ वर्षे गेली आणि त्या आठ वर्षांत बोटी भरभरून माणसे बेटांवर उतरत राहिली. बोर्नव्हिलच्या बागेत फिरणाऱ्या कामगाराची काळजी जितक्या तातडीने घेतली गेली, तितक्या तातडीने न दिसणाऱ्या कामगाराची घेतली गेली नाही. आपण आपल्या भट्टीवरील कारागिरांशी चांगले वागता हे वाचून मला आनंद झाला, आणि नेमक्या त्याच कारणासाठी ही हकीकत आपल्याला सांगितली.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, आपण एक गाळप हंगाम ही मुदत ठरवावी. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव आणि हंगाम छापलेला असतो. ते नाव टिपून घ्यावे, व्यापाऱ्याला आपली विचारणा स्पष्ट सांगावी आणि त्या कारखान्याला पत्र लिहावे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे ठरलेले दहा रुपये कारखाना भरतो का, तोडणीच्या ठिकाणी पाणी आणि फिरती शौचालये आहेत का, मुलांसाठी साखरशाळा चालते का, किंवा गावाकडील वसतिगृहात ती राहू शकतात का, बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात जाते का, हे प्रश्न विचारावेत. एकट्या बेकरीच्या पत्राला उत्तर येणार नाही, ही आपली शंका रास्त आहे. वसईत बेकरीवाले, केटरर, नाताळचे केक आणि गोड पदार्थ घरी करून विकणाऱ्या भगिनी मिळून पन्नास सह्या जमवणे मात्र अवघड नाही. नाताळचे पदार्थ आपण करतो ते दिवस तोडणीच्या ऐन भराचे असतात, त्यामुळे पत्र पाठवायला तोच महिना योग्य ठरेल. हंगाम संपेपर्यंत उत्तर आले नाही, तर उत्तर देणाऱ्या कारखान्याची साखर व्यापाऱ्याकडे मागावी. गूळ लागत असेल तर काम अधिक सोपे आहे, कारण गुऱ्हाळ लहान असते, मालक भेटतो, आणि गुळव्यापासून ऊस वाहणाऱ्यापर्यंत सगळ्यांशी समोरासमोर बोलता येते.

प्रश्न : मी पालघर जिल्ह्यात इमारतींची बांधकामे घेतो. विटा जवळच्या भट्ट्यांवरून येतात. तेथे कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह राबताना दिसतात. भट्टीमालक म्हणतो की, त्याने त्यांना आगाऊ पैसे दिले आहेत आणि ती स्वखुशीने आलेली आहेत. माझा संबंध विटांच्या दर्जाशी आणि दराशी आहे. मी यात पडावे का?

उत्तर : पडावे. बेकरीच्या मालकांना फड दिसत नाही, आपल्याला भट्टी दिसते, हा मोठा फरक आहे.

पावसाळ्यात घरात दाणा नसताना घेतलेला बयाणा, दिवाळीनंतर सगळ्या कुटुंबाचे भट्टीवर येणे, आठवड्याला पोटापुरती खर्ची आणि हजार विटांमागे ठरलेल्या मजुरीचा हिशेब एकदम पावसाच्या तोंडावर, अशी ही रीत आहे. त्या हिशेबाची वही मालकाकडे असते आणि बऱ्याच मजुरांना ती वाचता येत नाही. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने कर्जाच्या मोबदल्यात माणसाला बांधून ठेवणे हा गुन्हा ठरवून ते कर्जही रद्द केलेले आहे. आपल्याच भागात, वसई तालुक्यात, श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकात वेठबिगार आदिवासींच्या मुक्ततेचा लढा दिला, तो अनेक वाचकांना आठवत असेल. 'स्वखुशी'च्या युक्तिवादाला सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच उत्तर दिले आहे. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणाऱ्या माणसाचे श्रम हे राज्यघटनेच्या कलम २३ नुसार सक्तीचेच श्रम आहेत.

यिर्मया संदेष्ट्याच्या बाविसाव्या अध्यायात अन्यायाने आपले घर बांधणाऱ्याला आणि शेजाऱ्याला मजुरी न देता राबवून घेणाऱ्याला जो धिक्कार आहे, तो एका राजाला उद्देशून आहे, पण त्याचा विषय बांधकाम हाच आहे. आपण तो अध्याय एकदा भट्टीवरून परत आल्यावर वाचावा, अशी माझी विनंती आहे.

विटांचा दर ठरवताना आपण भट्टीमालकाला तीन अटी लेखी घालू शकता. प्रत्येक कुटुंबाकडे हिशेबाची स्वतंत्र वही असावी आणि आठवड्याला ती वाचून दाखवली जावी. चौदा वर्षांखालील मूल कामावर नसावे आणि मोठ्या मुलांनाही भट्टीच्या धोक्याच्या कामाला लावू नये. बयाणा बाकी असला तरी जाऊ इच्छिणाऱ्याला जाऊ द्यावे. त्याबरोबर आपणही एक अट पाळली पाहिजे, ती म्हणजे विटांचे पैसे वेळेवर देणे. कंत्राटदार भट्टीमालकाला चार-चार महिने लटकवतो आणि मग भट्टीमालक मजुराचा हिशेब लांबवतो, हे आपल्या व्यवसायातील सर्वांना ठाऊक आहे. नोंदणीकृत लघुउद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. विटांचा दर पाडून घ्यायचा, पैसे थकवायचे आणि मग मजुरांच्या स्थितीविषयी हळहळायचे, हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. मुले कामावर दिसत राहिली किंवा कोणाला अडवून ठेवल्याचे समजले, तर प्रश्न आपल्या अटींपुरता उरत नाही. तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवणे हे आपले काम आहे.

आपल्या स्वतःच्या बांधकामावरील मजुरांविषयी आपण लिहिलेले नाही, तरी एक विचारतो. वर्षात नव्वद दिवस काम केलेल्या बांधकाम मजुराला कल्याणकारी मंडळात नाव नोंदवता येते आणि त्यासाठी काम दिल्याचा दाखला लागतो. तो दाखला आपण न मागता देता का? कित्येक कंत्राटदार तो देण्याचे टाळतात आणि मजुराच्या मुलाची शिष्यवृत्ती एका सहीसाठी अडून राहते.

प्रश्न : सिंधुदुर्गात माझा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. मुद्दाम विधवा आणि टाकलेल्या स्त्रियांनाच मी काम देते, काहींची राहण्याची सोयही केली आहे. मजुरी किलोमागे आहे आणि ती आजूबाजूच्या कारखान्यांपेक्षा थोडी कमी आहे, पण त्यांना इतरत्र काम मिळत नाही आणि ठरलेली मजुरी त्यांना मान्य आहे. ही सेवाच आहे ना?

उत्तर : आपल्या हेतूविषयी मला शंका नाही, परंतु मजुरी कमी ठेवण्याचे जे कारण आपण दिले आहे ते मला मान्य करता येत नाही. ज्या बाईला दुसरीकडे काम मिळत नाही, तिला कमी मजुरी देणे म्हणजे तिच्या अडचणीची किंमत तिच्याकडूनच वसूल करणे होय. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात हाच मुद्दा मांडला होता की, मजुराने करार मान्य केला एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही, साधेपणाने राहणाऱ्या मजुराचा निर्वाह तिच्यात झाला पाहिजे. कायद्याच्या दृष्टीनेही किलोमागे मजुरी असली तरी पूर्ण दिवस काम करणाऱ्या बाईच्या हातात किमान वेतनाहून कमी रक्कम पडता कामा नये. ओली बी, खराब बी आली की किलो कमी भरतात, तो तोटा तिचा नव्हे.

निवाऱ्याची सोय चांगली आहे, तरी तीमध्ये एक धोका दडलेला असतो. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधील प्रॉटेस्टंट मिशनरी संस्थेने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्या धर्तीची कौले कोकणातील आणि गोव्यातील असंख्य घरांवर आजही आहेत. धर्मांतरामुळे जातीचा व्यवसाय आणि घरदार गमावलेल्या माणसांना त्या कारखान्यांनी आणि विणकामाच्या शाळांनी सन्मानाचे काम दिले, हे मोठेच कार्य होते. पण काम, घर आणि मंडळी ही तिन्ही एकाच हाती असल्यामुळे तेथील कामगाराला मालकाविरुद्ध तोंड उघडणे कठीण होते, हेही त्या इतिहासात आहे. आपल्या कारखान्यात राहणाऱ्या बाईने मजुरीबद्दल तक्रार केली तर रात्री ती कोठे झोपेल, याचे उत्तर आज आपल्या मर्जीवर अवलंबून आहे. ते मर्जीवर राहू नये यासाठी राहण्याची सोय कामापासून वेगळी करावी. काम सुटले तरी काही महिने राहता येईल असे लेखी द्यावे आणि शक्य झाल्यास ही व्यवस्था चर्चच्या महिला मंडळाकडे किंवा बचत गटाकडे सोपवावी. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आवश्यक आहे. एकाकी स्त्रिया जेथे एकत्र काम करतात तेथे ती कागदावर ठेवून चालणार नाही.

हातांविषयी आपण काहीच लिहिलेले नाही. बी फोडताना टरफलातील तेलाने कातडी सोलवटते आणि बोटे काळी पडतात. हातमोजे द्यावेत, तेही मजुरीतून पैसे न कापता, आणि मोज्यांमुळे कामाचा वेग कमी होतो हे लक्षात घेऊन किलोचा दर ठरवावा. तसे न केल्यास बायका मोजे काढून ठेवतील आणि दोष त्यांच्याच निष्काळजीपणाला दिला जाईल.

प्रश्न : मी पुण्यात एका ख्रिस्ती कुटुंबाच्या केटरिंग व्यवसायात काम करते. तीन महिन्यांचा पगार थकला आहे. मागितला की साहेब म्हणतात, "आपण एका कुटुंबासारखे आहोत, धंदा मंद आहे, प्रार्थना करा." आमच्या पाळकांनी पौलाच्या पत्राचा दाखला देऊन सांगितले की, विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्याला न्यायालयात नेऊ नये. मी काय करू?

उत्तर : पहिल्या करिंथकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल तसे म्हणतो, हे खरे आहे. परंतु तो तेथेच थांबत नाही. आपल्यामध्ये निवाडा करू शकेल असा एकही शहाणा माणूस नाही का, असे तो मंडळीला विचारतो आणि पुढे, तुम्हीच अन्याय करता, नाडता आणि तेही आपल्या बंधूंना, असे खडसावतो. म्हणजे त्या वचनांचा पहिला रोख आपला पगार अडवून ठेवणाऱ्यावर आहे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी एक रात्रसुद्धा आपल्यापाशी ठेवण्यास मनाई आहे आणि याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते, असे म्हटले आहे. पाळकांनी हे उतारे आपल्याला नव्हे, तर आपल्या साहेबांना वाचून दाखवायला हवे होते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम आपण पाळू शकता. साहेबांना एकदा लेखी मागणी द्यावी आणि तीत थकलेली रक्कम महिन्यावार लिहावी. उत्तर न आल्यास मंडळीतील दोन वडीलधाऱ्या व्यक्तींना सोबत घेऊन भेटावे आणि पगार देण्याची तारीख ठरवून घ्यावी. व्यवसाय खरोखरच अडचणीत असेल तर साहेबांनी हिशेब त्या दोघांपुढे ठेवावा आणि स्वतःच्या घरखर्चाआधी कामगारांची देणी फेडण्याचा क्रम लावावा. महिना संपल्यावर सात दिवसांच्या आत पगार मिळणे हा आपला कायदेशीर हक्क आहे, तेव्हा ठरलेल्या तारखेलाही पैसे मिळाले नाहीत तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करण्यात आपल्या विश्वासाला बाधा आणणारे काहीही नाही. आपल्याबरोबर आणखी कोणाचा पगार थकला असेल तर अर्ज एकत्र करावा. आपण कोणत्या दिवशी कोणत्या समारंभाला कामाला होता याची नोंद, मोबाइलवरील कामाचे निरोप आणि यापूर्वी बँकेत जमा झालेल्या पगाराचा उतारा आजच वेगळा काढून ठेवावा, कारण हजेरीची वही साहेबांकडे आहे.